न वाचता केलेली सही

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टात पुकाऱ्याची वाट बघत होतो. तारीख पुढे गेली आणि मी तसाच हिंडलग्याला त्यांच्या घरी गेलो. महिना झाला त्याला... अंगातला शीण काही जात नाही.

आप्पा माझे वकिलीतले गुरू. स्वतःचा कुठलाही कागद मोठ्यानं वाचल्याशिवाय ते सही करत नसत. "जे तोंडातनं निघंना, ते कागदावर न्हाय लिवायचं रं," म्हणायचे. आम्ही ज्युनिअर पार कंटाळून जायचो.

मागे एक परदेशी कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिची यंत्रं बेळगावातल्या एका कारखान्यात होती. तिकडच्या कोर्टानं नेमलेल्या प्रतिनिधी बाईंनी इथल्या कोर्टाची मदत मागितली. त्या येईपर्यंत यंत्रांना कुणी हात लावू नये म्हणून कोर्टानं आप्पांना कोर्ट कमिशनर नेमलं, म्हणजे कोर्टाच्या वतीनं राखण त्यांच्याकडे. आम्ही दाराला कुलूप घालून वर लाखेचं सील केलं. किल्ली आणि शिक्का माझ्याकडे राहिला. खंडेनवमीला तिथले जुने कामगार मारुतीअण्णा हातात झेंडूची माळ घेऊन आले. हयात त्या यंत्रावर गेली होती, पूजा चुकवायची नव्हती. "परत कवा दिसतंय ते," एवढंच म्हणाले. मी विरघळलो. आप्पांना न विचारता सील तोडलं, पूजा झाल्यावर पुन्हा केलं. माळ मात्र आतच राहिली.

पुढे बाई आल्या, दार उघडलं, तर यंत्राला हळदकुंकू आणि वाळलेला झेंडू. बाई रागावल्या नाहीत, फक्त कोर्टाला कळवलं. कोर्टानं आप्पांकडे खुलासा मागितला. माझी वकिलीची सनद नवी, ती जाणार ही भीती. आप्पांनी मला चहा सांगायला खाली पाठवलं. वर आलो तर खुलासा सही होऊन पाकिटात गेलेला. वाचला नाहीत का, असं विचारलं तर म्हणाले, "घसा बसलाय." त्यांना त्या कामावरून काढलं, आणि नंतर कुठल्याच कोर्टानं त्यांना कमिशनर नेमलं नाही. माझं नाव कसं आलं नाही, हे मी कधीच विचारलं नाही. न विचारणंच सोयीचं होतं, दुसरं काय!

परवा त्यांच्या पत्नी, आक्कांनी त्यांचं ऑफिस आवरायला बोलावलं. एका फाईलमध्ये त्या खुलाशाची प्रत सापडली. त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे उभा राहून मी ती मोठ्यानं वाचायला घेतली. 'सदर सील मी स्वतः उघडले...' इथवर आलो, आणि पुढचं माझ्याही तोंडातून निघेना.