पापडाला कुठं वजन असतं!

भाऊ बॉक्सर आहे म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "घरी पण मारतो का हो?" नाही हो, मारत नाही. छळतो! आणि तो एकटा छळतो असंही नाही, त्याच्या मागेपुढे फिरणारी सगळी वरात छळते. किस्से काही जमवावे लागत नाहीत. घरात एक नामांकित बॉक्सर ठेवा, पलंगाखाली जसे त्याचे मोजे साचतात तसे ते आपोआप साचतात.

मी सिद्धूची मोठी बहीण. अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीत लॅबमध्ये आहे. दिवसभर मिलिग्रॅममध्ये मोजायचं आणि घरी येऊन सिद्धूला काट्यावर उभं करायचं, हे माझं आयुष्य. तो साडेत्रेसष्ट किलोच्या गटात खेळतो. मागच्या वेळी इंडिया टीमच्या ट्रायलला वजन दोनशे ग्रॅम जास्त भरलं आणि स्वारी एकही ठोसा न मारता घरी परत! त्या दिवशी तो बाथरूममध्ये नळ सोडून रडला. आम्ही बाहेर टीव्हीचा आवाज वाढवला.

आता तो अठ्ठावीसचा आहे. यंदाची ट्रायल हुकली की संपलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मी फ्रीजवर कागद चिकटवला, "सिद्धूला कोणीही, काहीही, कधीही भरवू नये." घरातला डिंकाचा लाडूसुद्धा हद्दपार केला. माझ्या पर्समध्ये खजुराची डबी असते तेवढी राहिली. ती माझी आहे. माझं हिमोग्लोबिन कमी आहे.

* * *

सिद्धूचे ट्रॅकसूट उल्हासनगरचे लच्छू अंकल शिवून देतात. त्यांचा जीन्सचा कारखाना आहे आणि सिद्धू म्हणजे त्यांचा जीव की प्राण. माप द्यायला गेलो तर गेल्या गेल्या पाणी आणि पापड. सिंधी घरात पाहुण्याला पापड दिला नाही तर अपमान!

मी हात आडवा घातला. "अंकल, त्याचं वजन..."

"अरे बेटी, पापड में वजन किधर होता है? हवा है हवा!"

मी लॅबवाली. सविस्तर समजावलं, की पापडात मीठ असतं, मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं आणि त्या पाण्याचं वजन भरतं. अंकलनी अगदी गंभीरपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "समझ गया. गलती पानी की है!"

आणि पाण्याचा ग्लास उचलून आत घेऊन गेले. पापड तिथेच!

* * *

पालेगावच्या एका नवीन कॉम्प्लेक्समध्ये सत्कार होता. बॅनरवर सिद्धूच्या दुप्पट चेअरमनचा फोटो. मी आदल्या दिवशी फोन करून बजावलं होतं, शाल द्या, नारळ द्या, पेढा नको. "मॅडम, नुसता ओठाला लावू. फोटोपुरता!"

लावला. फोटोग्राफर म्हणाला, "साहेबांचे डोळे मिटले." दुसरा पेढा. तेवढ्यात सेक्रेटरी धावत आले, ते फोटोत नव्हते. तिसरा. मग महिला मंडळ. मी स्टेजखालून खुणा करतेय आणि हा शहाणा मला बघतच नाहीये! पाच पेढे झाले. पाच!

शेवटी चेअरमननी माइक हातात घेतला. "मित्रहो, शिस्त काय असते ते या मुलाकडून शिका. गेले दोन महिने याने गोडाला स्पर्श केलेला नाही!"

सिद्धूने मान डोलावली. बोलणार कसा? तोंड भरलेलं होतं.

* * *

आमचे सुभाषमामा बदलापूरला मांजर्लीत राहतात. सिद्धूला मेडल मिळालं त्या दिवसापासून ते त्याचे बॉडीगार्ड आहेत. नेमणूक त्यांची त्यांनीच केली. काळा गॉगल, कानात ब्लूटूथ. त्या ब्लूटूथवर पलीकडून कोण बोलतं, हे मामींनाही माहीत नाही.

बदलापुरात एका जिमचं उद्घाटन होतं. आयोजकांना सुचलं, "बॉक्सर आहेत, तर नारळ ठोसा मारून फोडू द्या की!"

सिद्धूचे कोच पाटकर सर. हाताला इजा होईल म्हणून हा माणूस त्याला लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा उघडू देत नाही. सर पांढरेफटक पडले. तेवढ्यात मामा पुढे झाले. गॉगल काढून माझ्याकडे दिला.

"भाच्याच्या हाताला धक्का लागता कामा नये. मी आहे ना!"

नारळ शाबूत राहिला. मामांचा हात तीन आठवडे प्लॅस्टरमध्ये! आमच्याकडेच होते. रोज दुपारी सिद्धू त्यांना चमच्याने वरणभात भरवायचा. मामा पंधरा दिवसांत बारीक झाले. सिद्धूचं वजन सातशे ग्रॅमनी वाढलं.

* * *

शिरगावला मुलगी बघायला गेलो. सोनाली, शाळेत शिक्षिका. कांदेपोहे आले. सिद्धू प्लेट हातात धरून शोकसभेला बसल्यासारखा बसला. एक घास नाही. मुलीच्या आईचा चेहरा पडला. वडिलांनी मला हळूच विचारलं, "पसंत नाही का?"

मी पुन्हा मीठ आणि पाणी सुरू केलं. आईने मला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं. माझंच चुकलं म्हणे!

तेव्हा सोनाली म्हणाली, "अहो, पोहे मी केलेत, आणि गडबडीत मीठच घालायचं राहिलं. तुम्हाला चालतील बहुतेक."

सिद्धूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन प्लेट साफ केल्या.

रिक्षात म्हणतो, "ताई, मीठ नव्हतं ना पण." मीही तेच पोहे खाल्ले होते. मीठ अगदी बरोबर होतं.

लग्न ठरलं, हे सांगायला नकोच.

* * *

ट्रायलचा दिवस उजाडला. घरून निघताना आमच्या काट्यावर साडेत्रेसष्टला थोडं कमीच होतं. तिथल्या काट्यावर त्रेसष्ट किलो सहाशे! मागच्या वर्षीचा तो नळाचा आवाज कानात वाजायला लागला. पंच म्हणाले, एक तास देतो.

सिद्धू घाम काढायला रेनकोट घालून दोरीवरच्या उड्या मारायला लागला. सगळी वरात भिंतीला टेकून उभी. मी एकेकासमोर गेले.

"खरं सांगा. कोणी काय दिलं?"

"मी कशाला देऊ?" आई म्हणाली. मग म्हणाली, "चव गेलीये म्हणत होता. शेंगदाण्याची चटणी, बोटभर."

लच्छू अंकल छताकडे बघत होते. "आधा पापड. भुना हुआ!"

मामांनी गॉगल लावला. "उसाचा रस. पण बिनबर्फाचा हां!"

सोनाली रडायलाच लागली. पोहे. रोज डब्यातून.

आणि पाटकर सर! खाली मान घालून म्हणाले, "ग्लुकोजचं बिस्किट. एकच. पोराचं तोंड बघवत नव्हतं हो."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या हॉलमधले कॅरमवाले बघायला आले.

तासाभराने सिद्धू पुन्हा काट्यावर चढला. ओठ फाटलेले, पाय थरथरतायत. आकडा त्रेसष्ट पाचशे सत्तरवर थांबला, खाली आला, पुन्हा वर गेला आणि साडेत्रेसष्टवर स्थिरावला. पंचांनी सही केली. आई तिथेच फरशीवर बसली. मी भिंतीकडे तोंड करून पोटभर रडले.

मग डोळे पुसले आणि वळून सगळ्यांना सुनावलं, "बघितलंत? तुम्ही पाच जणांनी मिळून आज याला संपवला असता. पाच जणांनी!"

सिद्धू पाण्याची बाटली तोंडाला लावून बसला होता. त्याने ती खाली ठेवली.

"पाच नाही, ताई. सहा."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मी डबी आत सारून पर्सची चेन लावली.