हळदीच्या जात्यावरून उठवलं तेव्हा

फसली १३५५ (इसवी १९४६), वैशाख. लग्नाच्या हळदीची सकाळ. परतूरजवळच्या आमच्या गावात, पाटलांच्या अंगणात. हजर: पाटलीणबाई, माझी सासू, धाकटी जाऊ शेवंता, भावकीतल्या दोन सवाष्णी आणि मी.

हळद दळताना एक पाय पसरून जात्याशी बसावं लागतं. मला बसवेना. मी जात्याचा खुंटा धरून नुसतीच ओणवी झाले.

पाटलीणबाई म्हणाल्या, "का गं, काटे पेरलेत का खाली?"

बाया हसल्या. सासू घाईनं बोलून गेली, "तिला खालचं दुखणं हाय."

पाटलीणबाईंनी हळदीचं सूप ओढून घेतलं. "मंग गरमी आसंल. ऊठ. नवरीची हळद बाटवू नको."

माझा हात लागला होता त्या खुंट्यावर गोमूत्र शिंपडलं. माझं पान गोठ्यात वाढलं.

गरमी म्हणजे बदचालीचा रोग. मला फोड नव्हता, अंगावरून घाण जात नव्हती. योनीच्या तोंडाशी नुसती आग. मिरची लागल्यासारखी. बसलं की, लुगड्याचा काच लागला की, नवरा जवळ आला की. वर्ष होत आलं होतं.

सुईण म्हणाली, आतली घाण आहे, तुरटीनं धू. धुतलं. राखेच्या पाण्यानं धुतलं. जितकं धुतलं तितकं पेटलं. आम्ही आगीला घाण समजलो. परतूरच्या हकिमानं पडद्याआडून नाडी पाहून गरमीच्या पुड्या दिल्या. तोंड आलं, आग तशीच. नवरा ओसरीवर निजू लागला. त्या हळदीनंतर सासूनं मला माहेरी धाडायचं ठरवलं.

मी विहिरीवर गेले. घागर न घेता. शेवंता मागून आली, पदर धरला आणि खाली बघत म्हणाली, "जाऊबाई, मलाबी तसंच होतंय. लगीन झाल्यापासून."

शेवंता. जिला कुणी कधी जात्यावरून उठवलं नव्हतं.

घरी आले. तुरटीचं पाणी सासूसमोर मोरीत ओतलं. "आत्याबाई, आता धुणार न्हाई. जालन्याच्या बाई डॉक्टरला दाखवीन."

"लोक काय म्हंतील?"

"त्यायचं म्हणून झालंय."

माहेरी सांगावा धाडला, भाऊ आला. आगगाडीनं गेलो. डॉक्टरीणबाईंनी उजेडात पाहिलं, कापसाचा बोळा हलकेच टेकवला. मी किंचाळले.

"इथंच ना? ही गरमी नाही. जखमही नाही. तिथल्या नसा दुखतात. धुणं बिलकुल बंद. दुखणं खरं आहे तुमचं."

खरं आहे. हे मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

आग कमी झाली, गेली नाही. जपून बसावं लागतं, पुन्हा दाखवायला जावं लागतं. जाते. पाटलांकडून पुढच्या हळदीचं बोलावणं आलं तेव्हा निरोप धाडला: ज्या खुंट्याला गोमूत्र लागलं, त्याला माझा हात लागणार नाही.

शेवंता अजून चोरून तुरटी लावते. सासू म्हणते, एका घरातल्या दोघी डॉक्टरकडं गेल्या तर गाव थुंकेल. दीर गाडी जुंपत नाही.

तर पायी. स्टेशनापर्यंत मी चालू शकते, तीही चालेल. शेवंताला जालन्याला न्यायचं आहे. अजून नेलेलं नाही.