पनामाच्या कालव्यातला सोमवार

खरं सांगायचं तर त्या सोमवारी सकाळी मी देवापुढं उभी राहिले ती भांडायलाच. जहाजावरच्या आमच्या खोलीत आरशाखालच्या फळीवर मी वेरूळच्या महादेवाचा छोटा फोटो ठेवला होता. उदबत्ती लावायची नाही, निरांजन लावायचं नाही, धूर झाला की घंटा वाजते, असं पहिल्याच दिवशी बजावलेलं. बेलाचं पान तर त्या समुद्रात कुठून मिळणार? चौदा महिने मी एकही सोमवार चुकवला नव्हता. पाऊस असो, ऊन असो, पहाटेची बस पकडून, आमचे हे उठायच्या आत वेरूळला जाऊन यायचं आणि दिवसभर निरंकार उपास करायचा. "आता अजून काय करू तुझ्यासाठी?" असं मी मनात म्हणाले. हात जोडायचे राहिले. पलंगावरून यांनी "ते, ते" करून हाक मारली आणि मी तशीच वळले.

आमचे हे पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. सगळी नोकरी कालवे, चाऱ्या आणि दरवाजे यांत गेली. कालव्याला पाणी सुटायच्या दिवशी घरी जेवायलासुद्धा यायचे नाहीत. पनामाच्या कालव्याचं त्यांना तरुणपणापासून वेड. डोंगर आडवा आलेला, तरी जहाज पाण्याच्या पायऱ्यांनी वर चढतं, पलीकडं उतरतं, आणि एवढ्या सगळ्याला एकसुद्धा पंप लागत नाही, हे त्यांनी मला, मुलाला, पाहुण्यांना, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या भटजींनाही समजावून सांगितलं होतं. निवृत्त झाल्यावर बघायला जाऊ म्हणायचे. मग चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना हातातला ब्रश पडला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणंही गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून "ते, ते" एवढंच येतं. पाणी हवं तरी "ते", राग आला तरी "ते".

तेव्हापासून त्यांचं सगळं मीच केलं. क्रांती चौकातल्या व्यायामाच्या दवाखान्यात नेणं, आंघोळ घालणं, घास भरवणं. मदतीला ठेवलेल्या दोन बायका मी महिन्याच्या आत काढून टाकल्या. एक घास मोठा द्यायची, दुसरी मोबाइलवर बोलत खुर्ची ढकलायची. दुसऱ्याच्या हातचं मला पटायचंच नाही.

आणि अशात मुलानं अमेरिकेतून फोन केला, की आई, मी आपल्या तिघांची जहाजाची तिकिटं काढली, बाबांना पनामा दाखवायचा. मला विचारलंही नाही. माझा नुसता जीव घाबरा झाला. निरोप द्यायला फुलंब्रीहून जाऊबाई आल्या आणि म्हणाल्या, "आक्का, लई नशीबवान हाव तुमी. आमाला तर नाशिकबी कुणी दाखवीना." मी हसले, पण आतून पेटले होते. नशीबवान म्हणे! औषधांची पिशवी, डायपरची पिशवी, घास वाटायचं यंत्र, चाकाची खुर्ची आणि न बोलणारा माणूस घेऊन अर्धं जग ओलांडायचं, याला नशीब म्हणतात?

जहाज पाहून लोक हरखतात. मी हरखले नाही. बाथरूमचा उंबरा चार बोटं उंच होता, खुर्ची रोज तिथं अडायची आणि रोज मी कुलदैवतापासून कंपनीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची. जेवायच्या टेबलावर एका माणसामागं तीन काटे. संध्याकाळी कोट घालून या म्हणायचे. अहो, यांना बनियन घालायला मला वीस मिनिटं लागतात! खोली आवरणारा माणूस रोज टॉवेलचा हत्ती नाही तर माकड करून पलंगावर ठेवायचा आणि मी रोज तो उलगडून टॉवेल वापरायची. जो तो हसत हसत विचारायचा, मजा येतेय ना? तिसऱ्या दिवशी एक वाढपी नम्रपणे म्हणाला, मी साहेबांना भरवू का, तुम्ही तुमचं जेवा. मी त्याच्या हातातून चमचा काढूनच घेतला. मुलगा ते बघत होता. खोलीत आल्यावर म्हणाला, "आई, तू बाबांना कुणाला हातच लावू देत नाहीस. अशानं तू पडशील एक दिवस."

"मी पडले तर बघू," मी म्हणाले. "तुला दोन आठवड्यांचं कौतुक आहे. मला रोजचं आहे."

तो आपल्या खोलीत निघून गेला. माझं बोलणं लागलं त्याला, ते मला कळलं. पण परत घ्यायला जीभ वळली नाही.

त्यातच रविवारी मुलाचं पोट बिघडलं. जहाजावरच्या डॉक्टरनं सांगितलं, हे पसरतं, दोन दिवस त्यानं आपल्या खोलीबाहेर पडायचं नाही. म्हणजे ज्या एका दिवसासाठी एवढा खटाटोप केला, त्याच दिवशी मी एकटी. आणि तो दिवस सोमवार. पोटात रात्रीपासून काही नाही, वर रक्तदाबाची गोळी घेतलेली.

सकाळी सात वाजता आम्ही लिफ्टपाशी पोचलो. तीन लिफ्ट भरून गेल्या. कॅमेरे, टोप्या, दुर्बिणी, पण चाकाच्या खुर्चीला जागा द्यावी असं कुणाच्या मनात येईना. चौथ्या लिफ्टमध्ये मी अक्षरशः खुर्ची घुसवली. वर उघड्या डेकवर गेलो तर दमट ऊन अंगाला चिकटलं आणि कठड्याला माणसांच्या तीन रांगा. जहाज पहिल्या दरवाजाच्या तोंडाशी आलं होतं. भोंग्यावरून कुणीतरी इंग्रजीत माहिती सांगत होतं. आमच्या यांना मात्र समोर नुसत्या पाठी दिसत होत्या. आयुष्यभर ज्याची गोष्ट सांगितली ते वीस पावलांवर होतं, आणि यांच्यासमोर एका गोऱ्या आजोबांचा फुलाफुलांचा शर्ट!

"एक्सक्यूज मी," मी म्हणाले. आजोबा गोड हसले आणि तिथंच उभे राहिले. दुसरीकडून प्रयत्न केला. तिथंही तेच. हे डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवायला लागले. "ते! ते! ते!"

"अहो, दिसतंय मला!" मी सगळ्यांदेखत ओरडले. "मी काय करू? उचलून नेऊ का तुम्हाला?"

ते थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, मी त्यांच्यावर अशी चारचौघांत कधी ओरडले नव्हते. मला इतकी लाज वाटली, की तिथून पळून जावंसं वाटलं. चाकाला ब्रेक लावायला खाली वाकले. वाकलेली आठवते. त्यापुढचं आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा पांढरं छत दिसलं आणि हाताला सलाईन. जहाजाच्या दवाखान्यात होते मी. शेजारी परिचारिका. पहिला शब्द तोंडातून निघाला, "माय हजबंड?" ती म्हणाली, ते ठीक आहेत, त्यांच्या मैत्रिणीबरोबर वरच आहेत. मैत्रीण! इथं आमची कसली मैत्रीण? मी उठायला गेले, तिनं खांदा धरून हलकेच खाली दाबलं. त्यांना बोलता येत नाही, त्यांना कोरडा घास गिळता येत नाही, त्यांना पाणी चमच्यानं द्यावं लागतं, असं मी मोडक्या इंग्रजीत आणि निम्मं मराठीत सांगत होते. तिनं फोन केला, कुणाशी तरी बोलली, आणि पुन्हा म्हणाली, ते ठीक आहेत, तुम्ही पडून राहा.

मी पुन्हा उठायचा प्रयत्न केला. पाय खाली ठेवले तर तिनं ते उचलून परत पलंगावर ठेवले. मग मात्र मला रडू फुटलं. नळीतून थेंब थेंब पडत होते आणि मी बघत होते. चौदा महिन्यांत पहिल्यांदा हे जागे असताना माझ्या नजरेआड होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. सकाळी भांडून आलेल्या देवाला मी म्हणाले, "माझ्यानं नाही होत आता. तुझं तू बघ." त्यात भक्ती होती असं मी म्हणणार नाही. हात टेकले होते, एवढंच. पण इतक्या सोमवारांत मी त्याला हे कर, ते दे, असंच सांगत आले होते. तू बघ, असं कधी म्हटलं नव्हतं. तसं म्हटल्यावर मला, काय सांगू, चक्क झोप लागली.

तासाभरानं परिचारिकेनं उठवलं, बिस्किटं आणि गोड चहा दिला. उपास मोडला. मला त्याचं काही वाटलं नाही. मग तिनं मलाच चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि वर न्यायला निघाली. आयुष्यात पहिल्यांदा मी तसल्या खुर्चीच्या मागं नव्हते, आत बसले होते. माणसांच्या कमरेएवढंच जग दिसतं तिथून. हे मला माहीतच नव्हतं.

तिनं मला जहाजाच्या अगदी टोकाला नेलं. एरवी बंद असलेली ती जागा त्या दिवसापुरती प्रवाशांना उघडली होती. आणि तिथं सगळ्यांच्या पुढं, कठड्याला गुडघे टेकतील इतक्या जवळ, आमचे हे बसले होते. डोक्यावर कुणाचीतरी गवती हॅट. शर्टावर पावाचा चुरा. शेजारच्या लोखंडी ओट्यावर पिवळ्या झग्यातली एक काळी, जाडजूड म्हातारी बाई बसली होती. केस बारीक कापलेले, पांढरे. ती हातांनी दोन दारं उघडून दाखवत होती आणि हे डाव्या हातानं तिला खालून पाणी कसं भरतं ते दाखवत होते. तिसऱ्या टप्प्यात जहाज वर चढत होतं. दोन्ही बाजूंच्या सिमेंटच्या भिंती हळूहळू खाली जात होत्या, बोटभर, वीतभर, काहीही आवाज न करता. पुढं पोलादाचे दोन प्रचंड दरवाजे.

मी खुर्चीतून उठले आणि सवयीनं यांच्या मागं जाऊन खुर्चीच्या दोन्ही मुठी धरल्या. त्यांनी मान वळवून वर बघितलं. मग डाव्या हातानं शेजारचा लोखंडी ओटा थोपटला आणि म्हणाले,

"बस."

मला वाटलं, मला भास झाला. मी म्हणाले, "काय?"

"बस," ते पुन्हा म्हणाले. जड, पण स्वच्छ. त्यात "ते" नव्हतं.

मी बसले. म्हातारी सरकली, तिनं मला जागा दिली. समोरचे दरवाजे उघडायला लागले आणि पलीकडं हिरव्या डोंगरांमधलं मोठं तळं दिसलं. मी रडत होते, हे हसत होते, आणि म्हातारीनं काही न विचारता माझ्या मांडीवर उरलेल्या पावाचा तुकडा ठेवला.

पुढं तिच्याकडून थोडंफार कळलं. तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच, तुटकं. तिचा जन्म याच कालव्याकाठचा, वडील जहाजांचे दोर ओढायच्या कामावर होते. आता ती लेकीकडं अमेरिकेत राहते आणि मरायच्या आधी एकदा बघून जावं म्हणून आली होती. मी पडले तेव्हा ती दोन पावलांवर होती. लोक मला उचलत असताना तिनं यांच्या खुर्चीचा ताबा घेतला आणि गर्दीला स्पॅनिशमध्ये असं काही सुनावलं म्हणे, की वाट आपोआप झाली. तिचा नवराही नऊ वर्षं खुर्चीत होता. घास बारीक करून, भिजवून कसा द्यायचा हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"नऊ वर्षं मी ढकललं," ती म्हणाली. "तो गेल्यावर लक्षात आलं, मी सारखी त्याच्या मागं होते. शेजारी बसलेच नाही कधी."

मी यांचा डावा हात हातात घेतला आणि आम्ही तिघं दुपारपर्यंत तसेच बसलो. डोंगर कापून केलेली ती चिंचोळी वाट, मग पलीकडं उतरणाऱ्या पायऱ्या, सगळं पाहिलं. मला कालव्यातलं काही कळत नाही. पण यांच्या चेहऱ्याकडं बघून मला सगळं दिसत होतं. संध्याकाळी दुसरा समुद्र लागला तेव्हा म्हातारी आपली हॅट घेऊन, यांच्या गालाला हात लावून निघून गेली. त्या एवढ्या मोठ्या जहाजावर ती मला नंतर दिसली नाही. शोधली मी, पण हजारो माणसांत कशी सापडणार? नावही विचारायचं राहून गेलं.

मुलाला खोलीबाहेर सोडलं तेव्हा तो आधी धावत यांच्याकडंच आला. "बाबा, काय काय बघितलं?" यांनी ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. "पाणी," म्हणाले. मुलगा माझ्याकडं बघतच राहिला. मी त्याला जवळ घेतलं आणि त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली.

परत आल्यावर डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, होतं असं, वर्षानंतरही एखादा शब्द मोकळा होतो, फार आनंद झाला की कधी कधी होतो. होत असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि देवाच्या नावानं कुणाशी पैज लावणार नाही. मला एवढंच कळतं, की मी मुठी घट्ट धरून होते तोवर त्याला हात घालायला जागाच नव्हती. त्यानं माझी पकड सोडवली, ती जरा जोरानंच सोडवली, आणि मग त्याला करायचं ते केलं. त्या पिवळ्या झग्यातल्या बाईचं तोंड आठवलं की माझे हात आपोआप जोडले जातात. तिच्या रूपानं कोण आलं होतं, याची चौकशी मी करत नाही.

यांना आता नऊ शब्द येतात. चालणं नाही, उजवा हात तसाच आहे. सोमवारी मी वेरूळला जाते, तेव्हा घरी एक मदतनीस बाई येते आणि ती घास थोडा मोठाच देते. सकाळचा चहा हे डाव्या हातानं स्वतः पितात. निम्मा बशीत सांडतो, थोडा सदऱ्यावर. मी समोरच्या खुर्चीत माझा कप घेऊन बसलेली असते. रुमाल हाताशी असतो. पण उठत नाही.