दुर्बिणीतला भूकंप

भौतिकशास्त्राचे सर नांदेडहून लातुरात आले, तेव्हा मला त्यांचं काही वावडं नव्हतं. आमच्या क्लासेसमध्ये दर जूनला कुणीतरी नवीन यायचंच. मी जीवशास्त्र शिकवायचो. त्यांच्या तासाला पोरं पुढच्या बाकासाठी धक्काबुक्की करू लागली, तेही मी गिळलं. पण एका रविवारी हा माणूस आमच्या रायफल क्लबात हजर झाला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

क्लब म्हणजे पत्र्याचं एक शेड. भूकंपानंतर मदतीचं सामान ठेवायला उभारलेलं, मग तसंच राहिलेलं. एका टोकाला छर्‍याची एअर रायफल घेऊन आम्ही, दहा मीटरवर कागदी लक्ष्य. क्लब चालवायचे उदगीरचे एक निवृत्त सुभेदार. नवशिक्यांची रविवारची तुकडी मात्र माझी. क्लासमध्ये मला पाहून मोबाईल काढणारी पोरं इथं मी रायफल उचलली की श्वास रोखायची. बारावीच्या मार्कांवर माणूस मोजणार्‍या गावात मी पहिला यायचो ती जागा एवढीच.

नांदेडकरांनी आणली इलेक्ट्रॉनिक दुर्बीण. रायफलीवर बसवायची, बॅटरीवर चालायची. आतल्या पडद्यावर लक्ष्य ताटाएवढं, मधोमध लाल फुली, आणि जे दिसेल ते आवाजासकट रेकॉर्ड होऊन मोबाईलवर. माझी अख्खी तुकडी त्यांच्याभोवती. मी एकटा डब्यातले छर्रे खालीवर करत बसलो.

सुभेदारांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुमी जुने. ही वापरून बघा अन् सांगा, पोरांना शिकवायला कामाची हाय का न्हाई. असली, तर रविवारची तुकडी नव्या सरांकडं देऊन टाकू. त्यांना त्यातलं कळतंय."

म्हणजे दुर्बीण पास झाली की तुकडी गेली. निकाल मी तिथंच ठरवला: नापास. कारण तेवढं शोधायचं बाकी होतं.

"लई जड आहे," मी सुरुवात केली.

"रायफल टेकवून मारा की," सुभेदार म्हणाले.

"स्पर्धेत चालत नाही."

"स्पर्धेचं कोण इचारलं? शिकायचं बोला."

मी डोळा लावला आणि खूश झालो. "हे बघा! सगळं धुरकट. फेकून द्या."

नांदेडकर पुढं वाकले, दुर्बिणीचं एक कडं हलकेच फिरवलं. "सर, ती लांबच्यासाठी लावलेली होती. आता बघा." लक्ष्य आरशासारखं लख्ख झालं. एवढी नम्रता अंगावर आली की माणूस जास्तच जळतो.

शेवटी नेम मारून बघायचं ठरलं. मी छर्रा भरला, रायफल टेकवली, डोळा लावला. साध्या नेमात ते काळं वर्तुळ मोहरीएवढं, बिचारं गप बसलेलं असतं. इथं ते केवढं तरी मोठं होऊन समोर आलं आणि हलायला लागलं. धप. धप. फुलीमागं ते इकडून तिकडं उड्या मारून राहिलेलं. पाठीमागं पोरं कुजबुजत होती, "नवे सर असते तर एव्हाना दहापैकी दहा पडले असते." वर्तुळ आणखी जोरात हललं.

"हलतंय! पळा!" मी ओरडलो आणि दाराकडं धावलो.

आता लातुरात हा शब्द उच्चारल्यावर कुणी "काय हलतंय?" असं विचारत नाही. आधी बाहेर, मग चौकशी. भूकंप झाला तेव्हा ही पोरं जन्मलीही नव्हती, पण आईबापांनी त्यांना चालायच्या आधी पळायला शिकवलेलं. अख्खा क्लब मैदानात. सुभेदार सगळ्यांच्या पुढं, एका पायात चप्पल. रीतीप्रमाणं सगळ्यांनी वर विजेच्या तारांकडं पाहिलं. तारा सरळ होत्या. एका तारेवर कावळा चोच घासून राहिला होता.

"न्हाई हलून राहिल्या," सुभेदार म्हणाले.

तेवढ्यात नांदेडकर शेडमधून सावकाश बाहेर आले. "सर, जमीन नाही हलली. तुमच्या छातीचे ठोके होते. दुर्बीण सगळंच मोठं करून दाखवते ना. जरा जोरात चालू होते."

जीवशास्त्राच्या मास्तराला हृदयाचं काम भौतिकवाला समजावून सांगतोय, हे ऐकून पोरांनी तोंडावर हात धरले. सुभेदार मात्र हसले नाहीत.

"मास्तर, रायफल भरलेली होती न्हवं?"

भरलेली रायफल सोडून जागचं हलायचं नाही, हा पहिला धडा दर रविवारी मीच घोकून घ्यायचो.

"मी छर्रा काढून ठेवलाय," नांदेडकर हळूच म्हणाले. निदान तो तरी विसरायला हवा होता या माणसानं!

सुभेदारांनी दुसरी चप्पल शोधून पायात घातली. "मग मास्तर? दुर्बिणीचं काय मत?"

"चांगली आहे," मी म्हणालो. दुसरं बोलणार काय? आतली जळजळ पडद्यावर दाखवणारं यंत्र नापास कसं करणार?

तुकडी गेली. पुढच्या रविवारी नांदेडकरांनी पहिला धडा घेतला: नेम धरताना मन शांत का हवं. उदाहरणादाखल मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. लाल फुलीमागं उड्या मारणारं वर्तुळ, मग माझी आरोळी, मग शेडचा पत्रा आणि पळणार्‍या पायांचा धडधडाट. पोरं हसून लोळली. ती थांबल्यावर मागून एक पोरगी म्हणाली, "सर, तुम्ही काय भारी शिकवता!"

फजिती माझी, आवाज माझा, ठोकेसुद्धा माझे. आणि दाद त्यांना.