माहेरची बाई घेऊन या

गुरम्मा अक्कांना कुणी हुशार म्हटलेलं खपायचं नाही. "हुशार असते तर कापडाच्या गल्ल्यावर बसले असते व्हय?" असं म्हणायच्या आणि गल्ल्यावरून तसूभर हलायच्या नाहीत. नवरा महादेवप्पा समोर उभा राहून गिऱ्हाइकापुढे ठाणं उलगडायचा आणि अक्का मागे बसून दुकान चालवायच्या. मी व्यंकटी, शिंपी. मूळचा इस्लापूरकडचा. बहात्तरच्या दुष्काळात पोटामागं लातूरला आलो, यांच्या दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकलं आणि तिथंच म्हातारा झालो. आत पोलक्याचं कापड घेतलं की बाया बाहेर माझ्याकडे माप द्यायच्या. त्यामुळे आतलं सगळं बोलणं माझ्या कानावर पडायचं, आणि कान बंद ठेवायला मी काही संत नाही.

दुकान गंजगोलाईच्या एका आतल्या गल्लीत होतं. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा महादेवप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. आता कचेऱ्या येणार, साहेब येणार, साहेबांच्या बायका येणार, असा त्यांचा हिशेब. सगळे आलेही. पण साहेबांच्या बायका मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दारांच्या दुकानात शिरल्या आणि त्यांचं बघून आमची जुनी गिऱ्हाइकंही तिकडं वळली. दुपारी माशा मारत बसावं म्हटलं तर गल्लीत माशाही नव्हत्या. "जिल्हा झाला, आमाला काय मिळालं?" असं महादेवप्पा विचारायचे. मी म्हणायचो, "अप्पा, तुमाला पेढे मिळाले की."

मग महादेवप्पांच्या डोक्यात आलं की जुन्या गिऱ्हाइकानं नवी बाई आणली, तर जुनीला एक खण भेट द्यायचा. अक्का म्हणाल्या, खण द्यायचा तर नवीला द्या. यावरून नवराबायकोत अशी जुंपली की आलेलं गिऱ्हाईक पायरीवरूनच परतायला लागलं. शेवटी अक्कांनीच तोड काढली.

"भांडून काय कळणार हाय? दोन्ही करून बघू. निम्म्या पुडक्यांना लाल दोरा बांधा, निम्म्यांना पिवळा. लाल दोरावालीला सांगा, बाई आणलीस तर खण तुला. पिवळीला सांगा, आणशील तिला खण. नव्या बाईनं येताना दोरा आणायचा."

लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या गल्ल्याशेजारी मांडल्या. परत आलेला दोरा आपापल्या रंगाच्या बरणीत पडायचा. एक पुडकं लाल, पुढचं पिवळं, असा नेम ठरला. पण महादेवप्पांचा हात भारी लबाड. ओळखीपाळखीची, गोतावळा मोठा असलेली बाई आली की तो आपसूक लाल दोऱ्याकडे जायचा, कारण लाल रंग त्यांच्या बाजूचा. अक्कांनी एकदा हात धरला. "तोंड बघून दोरा बांधायचा न्हाई. असं केलं तर बरणी तुमाला जे ऐकायचंय तेच सांगंल, अन खरं काय ते कळायचं न्हाई." त्या दिवसापासून दोऱ्याची रिळं त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली.

दिवाळीपर्यंत पिवळी बरणी काठोकाठ आली आणि लाल बरणीचा तळ दिसत राहिला. महादेवप्पांना ते पटेना. मला पटत होतं, कारण बाया माप देताना ओट्यावर मन मोकळं करायच्या. एक जण तर फणकारली होती, "मैतरणीला दुकानात घालून खण मी घ्यू? मी काय बाजारातली दलाल हाय?" दुसरीला मानाचा खण देवविला की आणणारीची मान वर व्हायची. आमच्याकडची माणसं घ्यायला लाजतात. द्यायला मात्र घर विकतील.

यात अक्कांना गोडी लागली. आता पुढची परीक्षा त्यांनी ठरवली. लाल दोरावालीला सांगायचं, शेजारीण घेऊन या. पिवळीला सांगायचं, तुमच्या माहेरची बाई घेऊन या. महादेवप्पा हसले. म्हणाले, शेजारीण हाताशी असते, माहेरची बाई कुठं हुडकत बसणार? मी हसलो नाही. अक्का हे कशासाठी करतात ते मला ठाऊक होतं.

त्यांचं माहेर चिंचाळवाडी, देगलूरच्या पलीकडं, अगदी शिवेवर. अर्धं गाव घरात कानडी बोलायचं, अर्धं तेलुगू, आणि भांडण मराठीत व्हायचं. वडील आधीच गेले होते. भाऊ नाही. आई सिद्धम्मा एकटीच. दुष्काळ पडला तेव्हा महादेवप्पांनी सासूला निरोप धाडला की इकडं या. तिचा उलटा निरोप आला, "दुष्काळात लेकीच्या दारात कशाला येऊ? पिकापाण्याचे दिवस येऊ द्या, ताठ मानेनं येते." मग निरोप थांबले. महादेवप्पा स्वतः गेले तर चिंचाळवाडीत दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या. शेजारच्या गावात कुणी म्हणालं, सगळे शिवेपलीकडं बोधनला गेले, तिकडं कालव्याचं पाणी आहे. ते बोधनलाही जाऊन आले. एवढ्या मजुरांत एक म्हातारी कुठं सापडणार? पुढं पाऊसपाणी झालं, गावात थोडी घरं परत उघडली, पण सिद्धम्माचं दार बंदच राहिलं. तिच्याबरोबर गेलेलं एकही माणूस परतलं नाही.

तेव्हापासून अक्का आईविषयी बोलायच्या ते ती पुढच्या गाडीनं येणार असल्यासारखं. "अव्वा हाय तिकडं बोधनला," असं सांगायच्या. नवा माल आला की त्यातलं एक इरकल लुगडं बाजूला काढायच्या, "हे अव्वाला." पंचमीला साऱ्या गल्लीतल्या सुना माहेरी जायच्या, तेव्हा अक्का दुकान उघडून बसायच्या. कधी कुणी देगलूरकडचं आलं की त्यांचा आवाजच बदलायचा. पहिला प्रश्न, "चिंचाळवाडी म्हाईत हाय का?" कुणालाच माहीत नसायची. त्यांचा चेहरा तेव्हा मला बघवायचा नाही, मी मशीन चालवायला लागायचो.

महादेवप्पांचा अंदाज साफ चुकला. शेजारीण हाताशी असते खरी, पण तिच्याशी नळावर भांडण झालेलं असतं. माहेरच्या बाईसाठी मात्र लातूरच्या बायांनी सगळं शहर पालथं घातलं. जिल्ह्यामुळं गावोगावच्या लेकी इथं येऊन पडल्या होत्या, कुणाचा नवरा कचेरीत, कुणाचा एस्टीत, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. मुरुडची एक लेक स्टेशनकडं राहायची, दुसरी कव्हा रोडला. दोघींची भेट आमच्या दुकानात. ओट्यावर गळ्यात पडून रडायच्या, मला मशीन सरकवून घ्यावं लागायचं. अक्का खाली उतरून आलेल्या बाईची ओटी भरायच्या. खण, तांदूळ, नारळ. "माहेरची लेक हाय, रिकामी कशी धाडायची?" म्हणायच्या. सगळ्या गल्लीत त्या दुकानाला माहेर म्हणायला लागले. काचेच्या दारांचं दुकान करायचं ते करो, आमच्या पायरीवर चपला मावेनात.

चिंचाळवाडीची मात्र कुणी आली नाही. संध्याकाळी दुकान आवरताना अक्का पिवळ्या बरणीत हात घालून दोरे वर-खाली करत बसायच्या. मला राग यायचा. दुनियेच्या लेकींना माहेर भेटवणाऱ्या बाईला तिच्या गावचं कुत्रंसुद्धा भेटू नये, हा कुठला न्याय?

मग महादेवप्पांनी तिसरी गोष्ट काढली. खण महाग पडतो, त्यापेक्षा अंगाच्या साबणाची वडी द्यावी. अक्का भडकल्या. "माहेरच्या बाईला साबण? ती काय मळकी हाय?" पण नेम त्यांनीच घालून दिलेला. महादेवप्पांनी तो त्यांच्याच गळ्यात घातला. "भांडून काय कळणार हाय? करून बघू." अक्कांनी रिळं पुन्हा मांडीवर घेतली. लाल दोऱ्याला खण-नारळाची ओटी, पिवळ्याला साबण.

खणाच्या बाजूनं बाया आधीसारख्याच आल्या. साबणाच्या बाजूनं ज्या आल्या त्यांना बघून अक्का गल्ल्यावर थिजल्या. या बाया आधी कधी दुकानात शिरलेल्याच नव्हत्या. पांढऱ्या कपाळाच्या, नवऱ्यानं टाकलेल्या, देवाला सोडलेली एक म्हातारी. साबणाची वडी पदराखाली घ्यायच्या, कापड बघायच्या, गावच्या बाईशी चार शब्द बोलायच्या. त्यांची ओटी कोण भरणार? म्हणून त्यांना कुणी आणलं नव्हतं, आणि आणलं असतं तरी त्या आल्या नसत्या. आम्हा कुणालाच हे सुचलं नव्हतं. आमच्यात माहेर म्हटलं की ओटी आलीच, त्यापुढं डोकं जात नाही. त्या संध्याकाळी अक्कांनी बरणीला हात लावला नाही. महादेवप्पा परीक्षा जिंकले होते, पण त्यांनीही ते काढलं नाही.

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतली कोंडाबाई एका बाईला जवळजवळ ओढतच घेऊन आली. हातात पिवळा दोरा. बाई चाळिशीची, वाळलेली, कपाळ मोकळं. ती ओट्यापाशीच थांबली.

"अक्का, तुमच्याच माहेरची आणली बगा!" कोंडाबाई ओरडली. "मी तर नायगावकडची. पण म्हणलं, माझ्या गावची सापडंना, तर तुमच्या गावची का न्हाई?"

अक्का उठल्या. गल्ला उघडाच राहिला.

"शिवगंगे?"

"गुरे," ती बाई म्हणाली.

लहानपणी दोघी एका विहिरीवर पोहायला शिकलेल्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच बघितलं की अक्कांनी तिचे दोन्ही दंड धरले आणि तिला पार हलवून टाकलं. "कवा आलीस लातूरला?"

"जिल्हा झाला त्याच साली. पोरगा कचेरीत शिपाई लागला."

"अन एवढे दिवस मागच्या गल्लीत बसलीस? हिकडं रोज कुणाकुणाच्या माहेरच्या बाया येऊन राहिल्या अन तू..."

"कोंडाबाई किती बारी म्हणली, चल. मी म्हणायची, तिथं ओटी भरतेत, माझ्या कपाळाकडं बग."

अक्कांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरंच मारली, आवाज आला. "माझ्या खणानं तुला भाईर ठिवलं गं. मीच ठिवलं."

मलाही तेच वाटलं. महादेवप्पांनी डोळ्याला उपरणं लावलं. पण शिवगंगा मान हलवत राहिली.

"न्हाई गुरे. खणाचं मला बरंच झालं. न येयाला निमित्त व्हतं. आता हिनं साबणाचं सांगितलं, निमित्त कुठलं काढू?"

"निमित्त कशापायी?"

शिवगंगा खाली ओट्यावर बसली. माझ्या मशीनच्या अगदी जवळ. मी पाय थांबवला.

"तुझी अव्वा आमच्यासंगच व्हती बोधनला. भाताच्या रोवणीला जायचो. दुसऱ्याच साली तापानं गेली. कालव्याच्या कडंला माती दिली, क्रियेला जंगम बी मिळाला, काय कमी केलं न्हाई. जाताना माझा हात धरून म्हणली, गुरीला कळवू नका. आई हाय तवर तिला माहेर हाय. ऱ्हाऊ द्या तिला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी तिला शबुद दिला व्हता गं. तुझ्याम्होरं आले असते तर तू पहिलं अव्वाचंच इचारली असतीस. तुझ्या तोंडावर खोटं बोलायला मला जमलं नसतं. म्हणून येत नव्हते."

कोंडाबाई साबणाचं नावही न काढता मागं सरली. महादेवप्पा बायकोकडं गेले, पण हात लावायचं त्यांना धाडस झालं नाही. अक्का रडतील म्हणून मी वाट बघत होतो. त्या रडल्या नाहीत. शिवगंगेच्या शेजारी ओट्यावर बसल्या आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"एवढी वरसं दम धरलास," त्या म्हणाल्या. "अजून थोडी वरसं धरायचा व्हतास की गं."