अण्णांची पेटी घेऊन मुठा गावापर्यंत

भटकंतीचा बेत नव्हताच. माझ्या आईवडिलांमधला एक जुना वाद मिटवायचा होता, त्यात ही सहल झाली.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लातूरला असताना हौसेनं एक कॉम्प्युटर घेतला होता. कीबोर्डच्याच पोटात सगळा कारभार आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही. आम्ही त्याला पेटी म्हणायचो. "कमल, या पेटीत तुझं नाव घातलंय," असं ते आईला सांगायचे. दाखवायच्या आतच पेटी बंद पडली आणि कपाटावर गेली. गेल्या वर्षी अण्णाही गेले. आता आई जांब्याला माझ्याकडे राहते आणि दोन खोल्यांत ती पेटी तिच्या पायात येते.

"चालू करून दाखव," आई म्हणाली. "नाव दिसलं तर राहू दे. नाहीतर रविवारी भंगारवाला येतोच. जन्मभर थापा मारल्या मला."

ते शेवटचं वाक्य मला फार लागलं. शनिवारी सकाळी पेटी गोधडीत गुंडाळून स्कूटरवर पायाशी ठेवली आणि निघाले.

जाणार असाल तर जांबे, माण, घोटावडे फाटा, पिरंगुट असा रस्ता धरा, आणि शनिवारीच जा. कामाच्या दिवशी हिंजवडीच्या गर्दीतच दुपार होते. पिरंगुटला मिसळ खाल्ली. जादा रस्सा तोंड वाकडं न करता देतात आणि शंभराच्या नोटेत पोट भरतं. तिथून उरवड्याकडे वळलं की गर्दी संपते. भातकापणी चालू होती, खाचरांतून ओल्या पेंढ्याचा वास येत होता. मला मात्र फक्त खड्डे दिसत होते. प्रत्येक हिसक्याला वाटायचं, गेलं काहीतरी आतलं.

मुठ्यात शिरले आणि फोनची रेंज गेली. मला भेटायचं होतं वैद्यकाकूंना. टीव्हीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्या इथं घर बांधून राहतात आणि जुन्या कॉम्प्युटरचे बोर्ड दुरुस्त करतात. भारे रचणाऱ्या एका आजोबांना विचारलं, "बोर्ड दुरुस्त करणाऱ्या काकू कुठं राहतात?"

"बोर व्हय? मोटार जळली जणू?"

"बोर नाही हो आजोबा, बोर्ड."

"मंग वायरमन पायजे तुमाला. त्यो आज न्हाई."

"कॉम्प्युटरचा बोर्ड. वैद्यकाकू!"

"आवं, मंग टीव्हीवाल्या काकू म्हना की! त्या तितं, आंब्याच्या मागं. पर लई बोलत्यात, सांगून ठिवतो."

खोटं नव्हतं. काकूंनी पेटीचे स्क्रू काढता काढता मला तीन विषयांवर झापलं: प्लॅस्टिकची पिशवी का गुंडाळली नाही, चहात साखर का घेत नाही, आणि हल्लीच्या पोरांना डागकाम, म्हणजे सोल्डरिंग, का येत नाही. आतला हिरवा बोर्ड एका कोपऱ्यात गंजला होता. तो त्यांनी ब्रशनं घासला, फुटका कपॅसिटर उपटून नवा लावला आणि जुन्या टीव्हीला वायर जोडली. पडदा उजळला. मी टाळीच वाजवली.

पण पडद्यावर भलतंच होतं. निम्मी अक्षरं सरळ इंग्रजी, निम्मी वाकडीतिकडी. ही पेटी तयार झाली की इंग्रजीत ‘रेडी’ असं लिहिते, काकू म्हणाल्या. तिथं पाच विचित्र खुणा होत्या.

"अक्षरांची चिप गेली," काकू म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "पण नेमकी पाचच अक्षरं कशी गेली? चिप अशी निवडून निवडून मरत नाही."

मला आधीच काही कळत नव्हतं, त्यात त्यांनाही कळेना. त्यांनी त्या चिपवर बोट ठेवलं. तिच्यावर एक मरून टिकली चिकटवलेली होती.

"हे काय?"

"आईची टिकली," मी म्हणाले. रंग ओळखीचा होता, पण तिथं ती कशी आली ते काही सुचेना.

"खिडकी झाकलीय. या चिपला काच असते, उजेड लागला तर आतलं पुसतं. असो, माझ्याकडे दुसरी आहे." चिप उपसून काढायला त्यांनी तिच्याखाली पट्टी सरकवली.

मी त्या खुणांकडे बघत राहिले. दुसरी खूण मी रोज बघत होते, स्वयंपाकघरात. मसूर आणि मटकीच्या डब्यांवरचा अण्णांच्या हातचा ‘म’. अण्णा शिरोरेषा कधीच द्यायचे नाहीत.

"काकू, थांबा! हे मराठी आहे!"

काकूंनी चष्मा वर केला. "कमलबस? ही कुठली ट्रॅव्हल्स?"

"कमल आईचं नाव आहे. कमल, बस."

मग त्यांनी ते उलगडून सांगितलं. ‘रेडी’ची इंग्रजीत पाच अक्षरं होतात. त्या पाचांच्या जागी अण्णांनी चिपमध्ये ही पाच बसवून घेतली होती. म्हणजे ती पाच जिथं जिथं येतील तिथं हेच दिसणार. "एका ओळीसाठी बाकीचं सगळं वाचायचं अवघड करून घेतलं या माणसानं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पट्टी काढून ठेवली.

परतताना खड्डेही दिसले नाहीत. डोक्यात एकच घोळ. बस म्हणजे खाली बस, की बस म्हणजे पुरे? आई जेवतेही ओट्यापाशी उभ्यानं. आणि बोलायला लागली की थांबतही नाही. अण्णा तिला दिवसभरात दोन्ही म्हणायचे.

घरी पेटी टीव्हीला जोडली. आईनं उभ्या उभ्या, पदराला हात पुसत वाचलं. पेटी बंद करायला लावली, पुन्हा चालू करायला लावली. पुन्हा तेच.

"नाव आहे," ती म्हणाली. मग पडद्यावर बोट ठेवून, "पण हे मला बसायला सांगतायत की गप्प करतायत?"

"मलाही नाही कळलं, आई."

"इतका खटाटोप केला, तर नीट लिहायचं होतं."

सहल म्हणून विचाराल तर मुठ्याचा रस्ता सुंदर आहे म्हणतात, मी पुन्हा जाऊन बघणार आहे. अण्णांना काय म्हणायचं होतं ते मात्र अजून ठरत नाही.

रविवारी सकाळी खाली भंगारवाल्यानं हाक मारली. आई टीव्हीसमोर स्टुलावर चहा पीत बसली होती. ती उठली नाही.