गच्चीवरचा दुधी

अनसूयाकाकूंना बागकामाचं वेड लागलं ते साठी उलटल्यावर. मिरजेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर तोवर फक्त वाळवणं पडायची. काकूंनी तिथे फुटके टब आणि तेलाचे डबे मांडले. वांगी, मेथी, कारली लावली, दुधीचा वेल मांडवावर चढवला. रोज सकाळी खुरपं घेऊन उकिडव्या बसायच्या, पाण्याच्या बादल्या स्वतः वर न्यायच्या. वर्षभरात त्यांची शुगर उतरली, गुडघे मोकळे झाले, झोपेची गोळी सुटली. मी वयाने कितीतरी लहान, पण जिन्यात त्या मला मागे टाकायच्या. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटायचा.

या सगळ्याचं श्रेय काकूंनी घाम गाळण्याला दिलं असतं, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. त्यांनी ते दिलं रसाला. स्वतः कारल्याचा रस डोळे मिटून घेत, आणि अण्णांच्या बीपीसाठी दुधीचा. अण्णा म्हणजे त्यांचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले, नाकासमोर चालणारे. ते कुंडीला कधी हात लावत नसत. खुर्चीत पेपर वाचत बसायचे आणि ग्लास पुढे आला की प्यायचे. "कडू असेल तेवढा गुण जास्त," काकू म्हणायच्या. अण्णांनी त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही.

सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या एका कारखान्यात राहीबाई भोपळे कोरून साफ करायच्या. एकदा तिथून जाताना काकूंना उकिरड्यावर पडलेल्या बिया दिसल्या. बी वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. त्यांनी मूठभर उचलल्या.

"आवं काकू, ह्यो तंबोऱ्याचा भोपळा. लय कडू. खायाचा न्हाई हां," राहीबाईंनी बजावलं.

"खायला कोण लावतंय? मांडवाला शोभा येईल."

आणि खरंच, त्या वेलाचं फळ काकूंनी कधी चाखलं नाही. पण वेल चढवला तो दुधीच्याच मांडवावर. संध्याकाळी दोन्ही वेलांची पांढरी फुलं एकदमच उमलायची आणि पतंग या फुलावरून त्या फुलावर फिरायचे. फार सुंदर दिसायचं ते. आम्ही बायका खुर्च्या टाकून बघत बसायचो. त्यांच्या अंगाला लागून कडू भोपळ्याचा पराग दुधीच्या फुलांत जात होता, कडूपणा बियांत उतरत होता, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

विकतचं बी लावणं काकूंना कमीपणाचं वाटे. त्यांनी एक दुधी वेलावरच वाळवला, त्याचं बी राखेत घोळून ठेवलं आणि पुढच्या हंगामात तेच लावलं. वेल जोमाने चढला. पहिला दुधी कोवळा, लांबट, हिरवागार आला, नेहमीसारखाच. पहिलं फळ देवापुढे ठेवून मग अण्णांना, हा त्यांचा नेम. सकाळी त्यांनी त्याचा रस काढला.

तासाभराने अण्णांना उलट्या सुरू झाल्या. अशक्तपणा येईल म्हणून काकूंनी त्यांना आणखी अर्धा ग्लास पाजला. मग उलटीत रक्त दिसलं, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. रिक्षात अण्णांचे हात गार पडले होते आणि काकू माझ्या कानाशी पुटपुटत होत्या, "बाहेरचं काही खात नाहीत गं. सगळं घरचं."

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर तरुण होत्या. बीपी लागत नव्हतं, दोन्ही हातांना सलाईन लावलं होतं. त्यांनी विचारलं, "सकाळपासून पोटात काय गेलंय?"

"काही नाही. दुधीचा रस, गच्चीवरच्या. फवारणी नाही, काही नाही." काकूंनी पिशवीतून बाटली काढली. शुद्धीवर आल्यावर द्यावा म्हणून उरलेला रस त्यांनी सोबत आणला होता.

डॉक्टरांनी थेंबभर जिभेला लावला आणि लगेच बेसिनमध्ये थुंकला. परत परत चूळ भरली.

"किती घेतला त्यांनी?"

"पूर्ण ग्लास. नंतर अर्धा. मी उरवू देत नाही."

"आजी, हे विष आहे. एवढं कडू त्यांनी प्यायलं कसं? काही बोलले नाहीत?"

काकूंनी अण्णांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"बोलले होते," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, मग तर नक्की गुण येईल."

अण्णा संध्याकाळपर्यंत होते.